हिरा मिस्त्रीची जोडी

येरवड्याहून वाघोलीकडे निघालं की नगर रस्त्यावर डाव्या हाताला आमचं फरशीचं दुकान लागतं. गिऱ्हाईक येतं, सगळ्या टाइल्स उलट्यासुलट्या करून बघतं, शेवटी पहिलीच पसंत करतं, भावासाठी अर्धा तास माझं डोकं खातं आणि पैसे देऊन झाले की हमखास विचारतं, "काकू, एखादा चांगला मिस्त्री आहे का हो तुमच्या माहितीत?"

"आहे. हिरा मिस्त्री."

"कुठे भेटेल तो?"

"ती. समोरच्या नाक्यावर भेटेल."

मग कुणी हसतं, कुणी भुवया चढवतं. एका गृहस्थांनी तर विचारलं, "तिला जमतं का पण?" मी म्हटलं, "नाही हो, जमत नाही म्हणूनच नाव सांगतेय." ते गृहस्थ नंतर स्वतःच्या दोन्ही भावांच्या घरांची कामं घेऊन आले आणि तेव्हा मात्र हिराशिवाय कुणी चालेना.

मी काही समाजसेवा करायला गल्ल्यावर बसलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. फरशी वाकडी बसली तर लोक मिस्त्रीला विसरतात आणि टाइल्स विकणाऱ्याला जन्मभर शिव्या घालतात. त्यामुळे मी नाव सांगते ते दुकानाची अब्रू पणाला लावून सांगते. हिराचं नाव मी गेली काही वर्षं छाती पुढे काढून सांगतेय. ते तिने कसं मिळवलं, ते मी पाहिलंय.

आमच्या दुकानासमोर मजुरांचा नाका भरतो. सकाळी सातला माणसं येऊन उभी राहतात. पुरुषांच्या हातात पिशवी, पिशवीत थापी, ओळंबा, दोरी. बायकांच्या काखेत घमेलं आणि त्यात डबा. मग ठेकेदार मोटारसायकलवरून येतात आणि गाडी बंदही न करता ओरडतात, "एक जोडी पाहिजे!" जोडी म्हणजे एक मिस्त्री आणि एक बिगारी. मिस्त्री पुरुष, बिगारी बाई, आणि बहुतेक वेळा ती त्याची बायकोच. मिस्त्री बसून काम करणार, बिगारी वाळू चाळणार, सिमेंट घालून माल कालवणार, घमेली डोक्यावर घेऊन जिने चढणार. मजुरी दोघांची मिळून ठरते, ठरते ती पुरुषाशी आणि पडतेही त्याच्याच हातात. बाईला वेगळं काही विचारण्याची पद्धत नाही. गाडीला विचारतं का कुणी, पेट्रोल किती लागेल म्हणून? चालवणाऱ्याला विचारतात.

हिरा आणि सुखदेव ही अशीच एक जोडी. मेहकरकडची माणसं. गावाकडे दोघंही दुसऱ्याच्या शेतात राबायची. मुलगी पायल रांगत होती तेव्हा पुण्याला आली. वाघोलीकडे तेव्हा इमारतींचं पीक आलं होतं आणि कापणीला माणसं पुरत नव्हती. येरवड्याच्या एका वस्तीत पत्र्याची खोली घेतली, भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली आणि दुसऱ्या दिवसापासून नाक्यावर उभी राहिली. सुखदेवचा हात फरशीत असा बसला की ठेकेदार इतरांना ओलांडून त्याच्यापाशी यायचे. आणि हिरा? ती कशी होती हे तेव्हा मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, सुखदेवच्या मागे एक बाई असते, अबोल, हिरव्या लुगड्यातली. बस. नाक्यावरच्या बाया अशाच दिसतात लांबून, मागे उभ्या असलेल्या.

मग एका साइटवर भिंतीच्या टाइल्स लावताना बांबूंची परांची तुटली आणि सुखदेव खाली आला. खुब्याचं हाड मोडलं. ठेकेदाराने पहिल्या दिवशी रुग्णालयात नेलं, दुसऱ्या दिवशी मोसंबी आणली आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फोन लागेनासा झाला. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं म्हणून निभावलं. पण डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर उकिडवं बसायचं नाही. आता फरशीचा मिस्त्री उकिडवा बसणार नाही तर काय खुर्चीत बसून फरशी लावणार?

जोडी मोडली. मिस्त्रीला दुसरी बिगारी मिळते, बिगारी बाईला मात्र दुसरा मिस्त्री मिळत नाही, कारण प्रत्येकाची आपापली असते. हिरा एकटी नाक्यावर येऊन उभी राहायची. आठवड्यातून दोन-तीन दिवस कुणीतरी राडारोडा उचलायला न्यायचं. सुखदेवचा थोरला भाऊ गावाहून फोन करत होता, या परत, पडवीत रहा, काहीतरी बघू. पायलने नुकताच नर्सिंगला प्रवेश घेतला होता. गावी जायचं म्हणजे तिचं शिक्षण बंद, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शेवटी भावानेच मुदत घातली. बुद्ध पौर्णिमेला गावी या आणि मग परत जाऊ नका.

तेव्हा एका दुपारी हिरा दुकानात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकटी.

"ताई, मले फरशी बसवता येते," ती म्हणाली. "एखादं काम सांगा."

"कुणाची बसवलीस आजपर्यंत?"

"कुणाचीच नाई. पण मी पाहिलेलं हाय. सगळं."

पाहून सगळं येत असतं तर मी रोज टीव्ही बघते, एव्हाना शल्यविशारद झाले असते. हे मी तिला म्हणाले नाही, पण चेहऱ्यावर आलं असावं, कारण ती म्हणाली, "एकदा बसवून पाहा मंग. नाई जमलं तर मी उपटून देते."

दुकानामागे हात धुण्याच्या जागेची फरशी फुटलेली होती. आमचे हे ती "या रविवारी बघतो" म्हणून कित्येक दिवाळ्यांपासून बघत होते. मी म्हटलं, ती कर. फुटक्या खोक्यातल्या टाइल्स दिल्या. हिराने पदर खोचला आणि पिशवीतून थापी काढली. सुखदेवचीच, मुठीपाशी झिजलेली. मी गल्ला सोडून मागे जाऊन उभी राहिले, चूक काढायलाच. तिने माल अंथरला, टाइल ठेवली, रबरी हातोड्याने चारी कोपऱ्यांवर ठोकली आणि कान लावून ऐकली. पोकळ वाजली की उचलायची, खाली चिमूटभर माल घालायची, परत ठोकायची. संध्याकाळी मी बादलीभर पाणी ओतलं. सगळं पाणी जाळीत गेलं, एक थेंब मागे राहिला नाही. मी आमच्या ह्यांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "मी या रविवारी करणारच होतो."

मी हिराला काम द्यायचं ठरवलं.

वाघोलीतली उत्कर्षा नावाची एक मुलगी होती, संगणकाच्या कंपनीत कामाला, घरूनच काम करायची. तिच्या एका खोलीच्या टाइल्स फुगून उखडल्या होत्या. लहानशी खोली, एका दिवसाचं काम. मी तिला स्पष्ट सांगितलं, बाई मिस्त्री आहे, बाहेरचं पहिलंच काम आहे, जबाबदारी माझी. उत्कर्षा म्हणाली, "चालेल की काकू, माझ्या टीममध्ये पण मी एकटीच मुलगी आहे." बिगारी म्हणून नाक्यावरची शकू बरोबर गेली. शकू म्हणजे नवऱ्याने टाकलेली, तोंडाची फटकळ आणि घमेलं उचलण्यात तिघांना भारी.

आदल्या संध्याकाळी हिराने सुखदेवला सांगितलं. तो खाटेवर पडूनच होता. नको म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. "थापी माझी हाय," एवढं म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. हे मला हिराने पुढे हसत सांगितलं, पण तेव्हा ती हसली नसणार.

कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला उत्कर्षाचा फोन आला. "काकू, जरा येऊन बघता का?" आवाज रागाचा नव्हता, अवघडलेला होता. मी स्कूटर काढली.

फरशी उत्तम बसली होती. खरंच सांगते, हात फिरवला तर दोन टाइल्समधला सांधा बोटाला लागत नव्हता. पण दाराच्या उंबऱ्याशी अख्ख्या टाइल्सच्या ऐवजी चार बोटांची एक पट्टी होती. कापलेले तुकडे ओळीने चिकटवलेले. खोलीत पाऊल टाकलं की पहिली नजर तिथेच पडायची. नव्या शर्टाला ठिगळ लावलं तर खिशाखाली लावतात, हे छातीवर लावलेलं होतं.

त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर जयसिंग ठेकेदाराचं काम चालू होतं. तो दारात उभा राहून मिशीला पीळ देत होता. मी येताच म्हणाला, "ताई, बायकांच्या नादी लागून दुकानाचं नाव घालवाल. घमेली उचलणारीने घमेलीच उचलावीत."

"जयसिंग," मी म्हटलं, "तुम्ही गेल्या वर्षी केलेलं बाथरूम अजून खालच्यांच्या देवघरात गळतंय. त्यांना आता अभिषेक वेगळा करावा लागत नाही म्हणे. ते आधी बघा."

तो गेला. पण त्याचं बोलणं हिराने ऐकलं होतं. ती भिंतीशी बसून होती, हातावरचं सिमेंट वाळून पांढरं पडलेलं. रडत नव्हती. नुसती त्या पट्टीकडे बघत होती, जणू ती दुसऱ्या कुणी तिथे आणून ठेवली होती.

"असं कसं झालं गं?" मी विचारलं.

"मले माहीत नाई ताई. मी पार खिडकीच्या भिंतीपासून सुरू केलं, सगळे करतात तसंच. दारापाशी आले तर जागाच उरली नाई."

मी टाइल्स विकते, बसवत नाही. उत्कर्षाला सांगितलं, उद्या हे सगळं निघेल, नवीन बसेल, टाइल्स माझ्याकडून. ती म्हणाली, "इट्स ओके काकू. परत करतायत ना त्या? मग झालं." शकूला रिक्षात बसवलं आणि हिराला स्कूटरवर मागे घेऊन तिच्या घरी निघाले. मला वाटलं, आता ही बुद्ध पौर्णिमेची वाटसुद्धा बघणार नाही, आजच गाठोडं बांधेल.

सुखदेव खाटेवर उठून बसलेला होता. तो वाट बघत होता हे त्याने कितीही लपवलं तरी कळत होतं.

"झालं?"

"झालं," हिरा म्हणाली. "पण दारात पट्टी आली."

"केवढी?"

तिने चार बोटं वर केली.

सुखदेवच्या कपाळाला आठी पडली. "कोरडी मांडून नाई पाहिली?"

"कोरडी? म्हणजे काय?"

"माल टाकायच्या आधी! दारापासून दोरी धरायची, नुसत्या टायल्या मांडत जायच्या पार खिडकीलोक. अख्खी टायली दारात, तुकडा तिकडं, कपाटाखाली. मंग खुणा करायच्या, सगळ्या उचलायच्या अन् आतल्या भिंतीपासून बसवत दाराकडं यायचं. हे काय नवीन हाय? रोज सकाळी हेच तर करत होतो मी. इतकी वर्षं तू माझ्यासंगं..."

तो बोलता बोलता थांबला.

"मी वर यायची तवा तुमी आतल्या भिंतीशी बसलेले राहायचे," हिरा हळूच म्हणाली. "पयली टायली हातात घेऊन. मले वाटलं, काम तिथूनच सुरू होते."

मग सुखदेव म्हणाला, "तू तवा खाली असायची. रेती चाळत."

मला त्या खोलीत बसल्या बसल्या जे वाटलं ते आजही वाटतं, आणि रागच येतो. कुणी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. सुखदेव काही कपटी माणूस नाही. कामाची पद्धतच तशी. सकाळी आल्या आल्या मिस्त्री वर जातो आणि मांडणी करतो, बिगारी खाली वाळू चाळते आणि माल कालवते. ती पहिलं घमेलं घेऊन वर पोचते तेव्हा मांडणी उचलून झालेली असते. नाक्यावरच्या प्रत्येक बाईला फरशीचं सगळं काम येतं, फक्त पहिला अर्धा तास येत नाही. आणि मिस्त्री होतो तो त्या अर्ध्या तासात. विकास विकास म्हणून पेपरात जे छापून येतं, तो आमच्या दुकानावरून रोज सिमेंटच्या गाड्यांतून जातो. त्यातून इमारती उभ्या राहिल्या, मजुरांची मजुरी वाढली, सगळं खरं. पण डोक्यावरचं घमेलं खाली ठेवून बाईने वर यायचं आणि सुरुवात बघायची, एवढं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

"उद्या मले रिक्षात घालून न्या," सुखदेव म्हणाला.

"कायले? डॉक्टरनं काय सांगितलं हाय?"

"उकिडवं बसू नको म्हणे. खुर्चीत बसू नको असं कुठं म्हणे?"

दुसऱ्या दिवशी मी दुकान ह्यांच्यावर सोडून गेले. ते एक खोकं विकायच्या ऐवजी दोन फोडून बसले, पण ते असो. हिरा आणि शकू सकाळीच पोचून टाइल्स उचकटत होत्या. माल अजून कच्चा होता म्हणून बऱ्याचशा धड निघाल्या. शकू प्रत्येक टाइल पाठीकडून खरडून धूत होती आणि जयसिंगच्या नावाने काहीतरी पुटपुटत होती, ते मी इथे लिहीत नाही. मग काठी टेकत सुखदेव आला. उत्कर्षाने तिची ऑफिसची चाकांची खुर्ची त्याला दिली. तिच्यात बसल्याबरोबर तो भिंतीपर्यंत घरंगळत गेला आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळी हसली.

खोली रिकामी झाली. सवयीने सुखदेवचा हात थापीकडे गेला. हिराने ती आधीच उचलली होती.

"हे माझ्यापाशी राहू द्या," ती म्हणाली. "तुमी सांगा."

तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता उठून जातोय. खरं तर जाण्यासारखंच होतं. एवढी वर्षं ज्याचा हात म्हणजे नाव होतं, त्याला कुणीतरी, तेही बायकोने, लोकांसमोर सांगितलं होतं की हात माझे. पण तो खुर्ची पायाने ढकलत दारात आला आणि म्हणाला, "धर दोरी."

तेवढ्यात शकू सवयीने चाळण घेऊन खाली निघाली होती. हिराने तिला थांबवलं. "शकू, थांब. आधी हे पाहून घे. रेती कुठं पळून चालली नाई."

मग तिघांनी मांडणी केली. हिरा मांडायची, शकू वाकून बघायची, सुखदेव काठीच्या टोकाने दाखवायचा. अख्खी टाइल दारात आली. खिडकीखाली अर्धवट तुकडे आले. तिथे उत्कर्षाचं कपाट येणार होतं. हिराने खडूने खुणा केल्या, सगळ्या उचलल्या आणि ती आतल्या भिंतीशी बसली. शकू परत चाळणीकडे वळली तर चाळण जागेवर नव्हती. सुखदेव गॅलरीच्या दारात, कालच्या उरलेल्या वाळूच्या पोत्याशी खुर्ची लावून बसला होता, चाळण मांडीवर घेऊन, आणि वाळू चाळत होता. फार वाईट चाळत होता. अर्धी वाळू बाहेर. शकूने पदर तोंडाला लावला. हिरा मान खाली घालून माल अंथरत राहिली, पण तिच्या पाठीवरून मला कळलं की तिने पाहिलं.

संध्याकाळी मी त्या दारात उभी राहिले. उंबऱ्याला लागून अख्खी, कोरी टाइल. आयुष्यात लाखो टाइल्स विकल्या असतील, पण एका टाइलकडे बघून डोळ्यांत पाणी यावं असं कधी झालं नव्हतं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर वाघोलीची वाहतूक बघत बसले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण पोट असं एका खोलीवर भरत नाही. पुढच्या काही महिन्यांत मी हिराला जेवढी मिळाली तेवढी कामं दिली. स्वयंपाकघर, गॅलरी, कुणाचा दवाखाना. एकही तक्रार नाही. तिने एक नियम केला. बरोबर जी कुणी बिगारी असेल तिने सकाळी आधी मांडणीला उभं राहायचं, वाळू नंतर. शकू दोन महिन्यांत स्वतः दोरी धरायला लागली. पण घरमालकांची ही कामं सुटी, आज आहे तर उद्या नाही. बारमाही काम ठेकेदारांकडे, आणि ठेकेदार नाक्यावर येऊन हिराला ओलांडून जायचे. मिस्त्री म्हणून तिला एकानेही विचारलं नाही. बुद्ध पौर्णिमा जवळ आली. पायलने नर्सिंगची पुस्तकं मैत्रिणीला देऊ करायला सुरुवात केली होती. हे कळलं तेव्हा मी तिला बोलावून चांगली झापली, पण माझ्या झापण्याने फी भरली जात नाही.

सुखदेवही आता काठी घेऊन नाक्यावर यायला लागला होता, हिराबरोबर. फार वेळ बसता येत नव्हतं, पण थोडं येत होतं.

ती सकाळ मला स्वच्छ आठवते, कारण मी शटर वर करत होते. लग्नसराईचे दिवस. निम्मे मिस्त्री गावाला गेलेले आणि ठेकेदारांची तोंडं सुकलेली. जयसिंग टेम्पो घेऊन आला. वाघोलीला एका मोठ्या इमारतीच्या फरश्या त्याच्याकडे होत्या आणि मालकाने तगादा लावला होता. त्याने नाक्यावर नजर फिरवली आणि थेट सुखदेवपाशी गेला.

"अरे वा, सुखदेव! बरा झालास की. चल, जोडी लागतेय. पूर्ण इमारत आहे, वर्षभराचं काम. तुला जमेल तेवढं बस, उरलेलं बघू. बाईला घे घमेल्याला."

मी शटर अर्ध्यावर धरून उभी राहिले. वर्षभराचं काम. पायलचं शिक्षण, पुण्यातली खोली, सगळं एका वाक्यात परत. आणि सुखदेवला त्याचं नाव परत. त्याने फक्त हो म्हणायचं होतं. हिरा त्याच्याकडे बघत नव्हती. काखेतलं घमेलं तिने घट्ट धरलं होतं आणि ती रस्त्याकडे बघत होती. तो हो म्हणाला असता तरी ती गेली असती, मला माहीत आहे. मुलीसाठी गेली असती आणि डोक्यावर घमेलं घेऊन जिने चढली असती, आणि एक शब्द बोलली नसती.

सुखदेवने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"जयसिंगभाऊ, चुकीच्या माणसाले इचारून राहिले तुमी," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. सगळा नाका ऐकत होता. "मिस्त्री ते हाय. तिले इचारा. मी तिचा बिगारी."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सुखदेवने वळून पाहिलं. "हसू नको. रेती चाळणं लय अवघड हाय. मी शिकून राहिलो अजून."

मग कुणी हसलं नाही. जयसिंग कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिला. त्याला माणसं हवी होती, आणि उरलेले मिस्त्री दुसऱ्या ठेकेदारांनी आधीच नेले होते. तो घसा खाकरून म्हणाला, "हिराबाई..."

"मिस्त्री म्हणा," सुखदेव म्हणाला.

जयसिंगने मिशीवरून हात फिरवला. "बरं. मिस्त्री, येता का?"

हिराने काखेतलं घमेलं सुखदेवकडे दिलं आणि त्याच्या खांद्याला अडकवलेल्या पिशवीतून थापी काढून घेतली. मग टेम्पोचा मागचा फाळका खाली पाडला, आधी नवऱ्याचा दंड धरून त्याला वर चढवलं, आणि जयसिंगला म्हणाली, "येते. माझी जोडी पूर्ण हाय."